कोठारातलं प्रथिन हलतं का? काँगो रेड, थायोफ्लेविन, हेक्झेनडायॉल आणि कॉन्फोकलच्या तासाची पारख

पेशींची डिश ४३ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तासभर ठेवली, की केंद्रकातली बरीच प्रथिनं आपलं काम सोडून न्यूक्लिओलसमध्ये, म्हणजे केंद्रकातल्या रायबोसोम बनवणाऱ्या गोळ्यात, जाऊन बसतात आणि तिथेच रुततात. प्राणवायू तोडला आणि माध्यम आंबट केलं तरी असंच होतं. पेशीशास्त्रज्ञ स्टीफन ली यांच्या गटाने २०१२ मध्ये यामागची यंत्रणा दाखवली. माणसाच्या रायबोसोमल डीएनएची एक आवृत्ती साधारण ४३ हजार बेसची (डीएनएच्या अक्षरांची) असते. त्यातल्या १३ हजारांवर रायबोसोमच्या आरएनएची नोंद असते आणि उरलेले ३० हजार बरीच वर्षं नुसती मोकळी जागा म्हणून सोडून दिलेले होते. ताण आला की याच मोकळ्या जागेतून छोटे आरएनए निघतात. उष्णतेला १६ आणि २२ हजारांच्या टप्प्यावरून, आम्लतेला २८ हजारांच्या टप्प्यावरून. हे आरएनए प्रथिनांना धरून ठेवतात. २०१६ मध्ये त्याच गटाने पुढची पायरी सांगितली: धरलेला माल अमायलॉइडच्या घडीत रचला जातो, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत सापडते त्याच जातीच्या घडीत. फरक एवढाच की ३७ अंशांवर परत आणलं की एचएसपी-७० आणि एचएसपी-९० ही मदतनीस प्रथिनं ती घडी उलगडतात आणि माल पुन्हा कामावर रुजू होतो. या कोठाराला ‘ए-बॉडी’ म्हणतात.

हे स्वतःच्या प्रयोगशाळेत दाखवायचं तर बाजारात चार गोष्टी मिळतात: अमायलॉइडला लागणारे रंग, प्रथिनांचे द्रवासारखे थेंब विरघळवणारं हेक्झेनडायॉल, अमायलॉइडची अँटिबॉडी, आणि कॉन्फोकल या लेझर मायक्रोस्कोपवर फ्रॅप (चमकतं प्रथिन लेझरने विझवून चमक परत येते का ते बघणं) करायला तासाच्या हिशेबाने मिळणारी वेळ. चौथी सर्वांत महाग पडते, म्हणून बहुतेक जण ती शेवटी घेतात. आमच्या मते हाच क्रम उलटा आहे. ‘साठवलेलं’ आणि ‘रुतलेलं’ हे दोन वेगळे दावे आहेत, आणि दुसरा फक्त फ्रॅपच सिद्ध करतं.

केंद्रकात साठवण म्हटली की माल निश्चल असतो असं सरसकट धरून चालत नाही. स्प्लायसिंगचे, म्हणजे आरएनएच्या कापाजोडीचे, घटक ज्या ठिपक्यांत साठतात ते स्पेकल्स घ्या. चित्रात पक्क्या गोदामासारखे दिसतात, पण फेअर आणि मिस्टेली यांनी २००० साली फ्रॅप करून दाखवलं की आतला माल काही सेकंदांत बदलत राहतो. दुसऱ्या टोकाला साधं यीस्ट आहे. तिथे सीडीसी-१४ हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम (फॉस्फटेज) नेट-१ नावाच्या प्रथिनाने न्यूक्लिओलसमध्ये बांधून ठेवलेलं असतं आणि पेशीविभाजनाच्या शेवटाकडेच सुटतं. अमायलॉइडचा त्यात संबंधच नाही. थोडक्यात, ठिपका दिसला म्हणून निश्चल म्हणता येत नाही आणि निश्चल आहे म्हणून अमायलॉइड म्हणता येत नाही. कुठलीही बाटली मागवण्याआधी आपल्याला यातलं काय सिद्ध करायचंय ते ठरवा.

आता एकेक बाटली.

काँगो रेड. १८८५ पासून बाजारात असलेला कापडाचा रंग, आणि आजही या कामाला सर्वांत स्वस्त. २५ ग्रॅमच्या बाटलीतून ०.०५ टक्क्यांचं द्रावण ५० लिटर होतं, आणि एका कव्हरस्लिपला (पेशी वाढवायच्या पातळ काचेला) अर्धा मिलिलिटर पुरतो. एक बाटली पीएचडीच्या दोन पिढ्यांना पुरेल. पण विकत घेताना लेबलवरचं ‘डाय कंटेंट’ वाचायला विसरू नका. काही बाटल्यांवर ३५ टक्के किंवा त्याहून अधिक एवढीच हमी असते, बाकी मुख्यतः क्षार. तशी बाटली असेल तर हिशेबापेक्षा जवळजवळ तिप्पट वजन करावं लागतं. दोन प्रयोगशाळांची ‘०.०५ टक्के’ जुळत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

कृती अशी. पेशी ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं फिक्स करा, ०.५ टक्के ट्रायटॉन या साबणी द्रव्यात १० मिनिटं ठेवून पडदे उघडा, मग ०.०५ टक्के काँगो रेडमध्ये १५ मिनिटं, आणि पीबीएस या खारट बफरच्या किमान तीन धुण्या. ४८८ किंवा ५६१ च्या लेझरवर बघा आणि ६०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश गोळा करा. द्रावण वापरण्याच्या दिवशीच ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्या. ही पायरी वगळली तर दिवस वाया जातो. काँगो रेडचे रेणू पाण्यात एकमेकांना चिकटून पट्ट्या बनवतात, आणि मिठाच्या द्रावणात ही खोड वाढते. न गाळलेल्या द्रावणातले लाल कण पेशीवर बसतात आणि अगदी ए-बॉडीसारखे चमकतात. ओळखायची खूण सोपी आहे: फोकस वरखाली करून बघा. कण पेशीच्या वर किंवा दोन पेशींच्या मधल्या मोकळ्या काचेवरही असतील तर तो कचरा आहे.

दुसरी अडचण न्यूक्लिओलसचीच. काँगो रेडवर ऋण भार असतो, आणि न्यूक्लिओलसची कितीतरी प्रथिनं आर्जिनीन-लायसीन या अमिनो आम्लांनी भरलेली, म्हणजे धन भाराची. त्यामुळे ताण न दिलेल्या पेशीतही न्यूक्लिओलस थोडा लालसर दिसतोच. ऊतींच्या स्लाइडसाठी वापरतात त्या जुन्या अल्कलाइन पद्धतीत ८० टक्के अल्कोहोल मिठाने संपृक्त करून त्यात किंचित सोडियम हायड्रॉक्साइड टाकतात, ते याचसाठी: भाराने चिकटलेला रंग सुटावा आणि घडीत शिरलेला राहावा. कव्हरस्लिपवरच्या पेशींना एवढं कडक अल्कोहोल दिलं की त्या आक्रसतात, पण पार्श्वभूमी त्रास देत असेल तर एकदा करून बघण्यासारखं आहे. ३७ अंशांवरची पेशी त्याच दिवशी, त्याच लेझरवर, त्याच गेनवर घेतल्याशिवाय काँगो रेडच्या चित्राला काहीच किंमत नाही. ध्रुवित प्रकाशातली ती प्रसिद्ध सफरचंदी हिरवी झाक ऊतीच्या जाड गाठींत छान दिसते, पण एक-दोन मायक्रॉनच्या ठिपक्यात तिची आशा धरू नका.

आणि हो, शरीरात या रंगापासून बेंझिडीन तयार होतं आणि ते कॅन्सरकारक आहे. पावडर तोलताना हातमोजे आणि मास्क लावा, उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका.

थायोफ्लेविन-टी आणि थायोफ्लेविन-एस. टेस्ट ट्यूबमध्ये शुद्ध प्रथिनाचे तंतू बनताना मोजायचे तर थायोफ्लेविन-टीला तोड नाही. ४४० ते ४५० वर उद्दीपन, ४८२ च्या आसपास उत्सर्जन, आणि तंतू नसेल तर जवळपास अंधार. न्यूक्लिओलसमध्ये मात्र हा रंग घेऊन जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. हा धन भाराचा रेणू डीएनएला बसतो, आरएनएला बसतो, जी-क्वाड्रुप्लेक्स या त्यांच्या चार पदरी घडीला तर फारच आवडीने बसतो. केंद्रकात आणि विशेषतः न्यूक्लिओलसमध्ये आरएनएचा खच असतो. मग जे चमकतंय ते अमायलॉइड की आरएनए, हे कळायला मार्ग राहत नाही. रायबोन्यूक्लिएज देऊन आरएनए काढून टाकावा म्हटलं, तर हे कोठार उभं राहतं तेच आरएनएच्या जोरावर, आणि मग शंका निराळ्या बाजूने परत येते.

फिक्स केलेल्या पेशींसाठी थायोफ्लेविन-एस त्यातल्या त्यात बरा. पण तो एक ठरावीक रेणू नसून मिश्रण आहे, त्यामुळे एका लॉटवरून दुसऱ्या लॉटवर जाताना उजळपणा बदलतो. मालिका सुरू करताना लागेल तेवढा एकाच लॉटचा घ्या. त्याचा प्रकाश हिरव्या पट्ट्यात सांडतो, म्हणून जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) लावलेल्या प्रथिनाबरोबर तो वापरू नका. जीएफपी असेल तर काँगो रेड, एमचेरी (लाल चमकणारं प्रथिन) असेल तर थायोफ्लेविन-एस, आणि दोन्ही वेळा चॅनेल एकामागून एक स्कॅन करा.

अमायलो-ग्लो हा अलीकडचा रंग अतिनील प्रकाशावर निळा चमकतो आणि पार्श्वभूमीच्या मानाने उजळ आहे. एकच काळजी: डीएपीआय आणि हेक्स्ट हे केंद्रक दाखवणारे रंग दोन्हीही त्याच निळ्यात येतात. सवयीने डीएपीआय असलेलं माउंटिंग मीडियम लावलं की सगळं केंद्रक निळं होऊन कोठार त्यात बुडतं. केंद्रक दाखवायचंच असेल तर ड्रॅक-५ सारखा लालच्या पलीकडचा रंग घ्या. रंगाच्या जोडीला ओसी ही तंतू ओळखणारी अँटिबॉडी लावली तर दावा भक्कम होतो. नुसत्या अँटिबॉडीवर विसंबलं, तर घट्ट रचलेल्या कोठारात ती आत शिरते का हा प्रश्न उरतोच. कडा चमकते आणि मध्य काळा राहतो.

१,६-हेक्झेनडायॉल. केंद्रकात थेंब दिसला की आजकाल पहिली सूचना हीच येते: हेक्झेनडायॉल टाकून बघा. विरघळलं तर द्रव, टिकलं तर घन. २००२ मध्ये रिबेक आणि ग्योर्लिख यांनी केंद्रकाच्या छिद्रांची चाळणी सैल करण्यासाठी या जातीचे अल्कोहोल वापरले, आणि तिथून पुढे ते सगळीकडे पसरलं. मेणचट पदार्थ आहे, ४२ अंशांच्या आसपास वितळतो, हवेतली ओल ओढतो. वापरायचं तर ५ टक्के म्हणजे १० मिलिलिटर गरम माध्यमात अर्धा ग्रॅम, आणि तेही एक-दोन मिनिटंच. दहा मिनिटं ठेवलं तर आपण मरत्या पेशीचं चित्र काढत असतो.

आमचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. २०२१ मध्ये दिसून आलं की हे द्रव्य काइनेज (फॉस्फेट जोडणारी) आणि फॉस्फटेज एन्झाइमांचं कामच बिघडवतं. म्हणजे ठिपका विरघळला तो हेक्झेनडायॉलने बंध सैल केले म्हणून की फॉस्फेटचा हिशेब चुकला म्हणून, हे सांगता येत नाही. त्याच वर्षी जपानच्या राष्ट्रीय जनुकशास्त्र संस्थेच्या गटाने दाखवलं की माणसाच्या जिवंत पेशीत हे द्रव्य क्रोमॅटिनची (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याची) हालचाल थांबवतं आणि त्याला आवळून टाकतं. केंद्रकात काय हलतं आणि काय नाही हेच ज्याला तपासायचंय, त्याने केंद्रक गोठवणारं द्रव्य वापरावं, म्हणजे वजनकाट्यावर स्वतःच उभं राहून भाजी तोलण्यासारखं झालं.

तरी एका ठिकाणी ते उपयोगी पडतं. ए-बॉडी एकदम घन जन्मत नाही. आरएनएभोवती आधी द्रवासारखे ठिपके जमतात आणि मग ते पिकून घट्ट होतात. ताण सुरू झाल्यावर १५, ३० आणि ६० मिनिटांनी एकेक डिश घेऊन हेक्झेनडायॉल टाकलं तर लवकरचे ठिपके जातात आणि उशिराचे टिकतात. असा काळानुसार बदल दिसला तर त्याला अर्थ आहे. जोडीला २,५-हेक्झेनडायॉलचं नियंत्रण ठेवा, ते थेंब फारसे विरघळवत नाही. एकाच वेळेची एकच डिश आणि ‘टिकलं’ असा शेरा, एवढ्यावर कोणी शोधनिबंध लिहिला तर परीक्षकाने तो परत पाठवावा.

कॉन्फोकलचा तास. इथे खरा निकाल लागतो. कल्पना साधी: चमकत्या प्रथिनाच्या ठिपक्यातला एक भाग लेझरने विझवायचा आणि बाहेरून किंवा शेजारून चमकतं प्रथिन तिथे परत येतं का ते बघायचं. केंद्रकात मोकळं फिरणारं जीएफपी एवढ्या झपाट्याने परततं की सावकाश कॅमेऱ्याला ते दिसतही नाही. उलट डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या एच-टू-बी हिस्टोनला जीएफपी लावलं तर तासन्‌तास फारसं काही परतत नाही. ही दोन टोकं दरवेळी त्याच दिवशी मोजा. मग तुमचं प्रथिन कुठल्या टोकाला आहे ते कुणी विचारायला नको.

मांडणी: १.५ नंबरच्या काचेच्या तळाची डिश, माध्यमात २० ते २५ मिलिमोलर हेपेस हे बफर, कारण कार्बन डायऑक्साइडच्या बाहेर पीएच सरकतो. एक मायक्रॉनचा गोल निवडा. विझवण्याआधी पाच फ्रेम, मग ४८८ चं लेझर पूर्ण जोराने क्षणभर, नंतर पहिल्या मिनिटात दर सेकंदाला आणि पुढची चार-पाच मिनिटं दर पाच-दहा सेकंदांनी एक फ्रेम. चित्र घेताना लेझर एक टक्क्याच्या आत ठेवा, नाहीतर बघता बघताच ठिपका विझतो. एका पेशीला शोधण्यासकट आठ मिनिटं धरली तर दोन तासांत पंधरा पेशी होतात. नियंत्रणं धरून अर्ध्या दिवसाचा स्लॉट लागतो. तासाभराचा स्लॉट घेतला तर लेझर गरम होईतो आणि डिश स्थिरावेतो तो संपतो.

हिशेब असा. समजा विझवण्याआधीची चमक १००, विझवल्याबरोबर २०, आणि पाच मिनिटांनी स्थिर झालेली ३०. तर परत आलेले १० आणि गेलेले ८०, म्हणजे हलता भाग १२.५ टक्के. बाकीचा रुतलेला. हीच स्थिर चमक ७६ असती तर ५६ भागिले ८०, म्हणजे ७० टक्के माल हलता, आणि त्याला निश्चल म्हणण्यात अर्थ नाही. हे आकडे काढण्याआधी पार्श्वभूमी वजा करा आणि त्याच केंद्रकाच्या एकूण चमकेने भागा, नाहीतर चित्र घेताना झालेला ऱ्हास ‘रुतलेपणा’ म्हणून मोजला जातो. ठिपक्याचा अर्धाच भाग विझवून दुसरी मालिकाही घ्या. पूर्ण ठिपका विझवला तर बाहेरच्याशी देवाणघेवाण कळते, अर्धा विझवला तर आतली मिसळ कळते. घन कोठारात अर्धा ठिपका काळाच राहतो आणि मधली रेघ पाच मिनिटांनीही सरळ दिसते. ती रेघ एकदा दिसली की कुठल्याही आलेखापेक्षा जास्त पटते.

चुका मात्र इथेच सर्वांत जास्त होतात, आणि बहुतेक उष्णतेच्या असतात. ऑइल इमर्शनचं ऑब्जेक्टिव्ह डिशच्या तळाला टेकतं आणि धातूच्या चमच्यासारखं उष्णता शोषून घेतं. स्टेजचा हीटर ४३ दाखवत असतो आणि पेशी काही अंश खाली असतात. ऑब्जेक्टिव्हला वेगळा हीटर असेल तरच थेट मायक्रोस्कोपवर ताण द्या. नसेल तर वॉटर बाथमध्ये द्या: डिश पॅराफिल्मने बंद करून, आधीच ४३ अंशांना तापवलेलं माध्यम आत घालून. ३७ अंशांची डिश नुसती गरम इनक्युबेटरमध्ये ठेवली तर हवा तापवायला वेळ घेते आणि तुमचा ‘एक तास’ प्रत्यक्षात त्याहून बराच कमी भरतो. दुसरी चूक फोकसची. गरम डिश थंड होताना काच मायक्रॉनभर सरकते, ठिपका फोकसबाहेर जातो, चमक परत येत नाही, आणि आपण ‘निश्चल’ लिहून मोकळे होतो. न विझवलेला शेजारचा ठिपका त्याच फ्रेममध्ये असेल तर ही फसगत टळते. तोही मंदावत असेल तर फोकस गेलाय.

आम्लतेचा प्रयोग असेल तर आणखी एक सापळा. ईजीएफपीचा (जीएफपीच्या उजळ रूपाचा) पीकेए सुमारे ६ आहे, म्हणजे त्या पीएचला त्याची चमक निम्म्यावर येते. पेशीच्या आतला पीएच खाली गेला की त्याची चमक आपोआप कमी होते, आणि प्रथिन कोठारात गेलं की रंग विझला हे कळत नाही. आम्लतेसाठी एमचेरी घ्या. तिसरी गोष्ट, प्रथिन पेशीत ठासून भरू नका. जोरदार प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या भागावर) चढवलेलं कुठलंही प्रथिन केंद्रकात स्वतःहून गोळा होतं, आणि जीएफपीचे रेणू एकमेकांना थोडे चिकटतातही. ए-२०६-के हा चिकटपणा घालवणारा बदल केलेलं जीएफपी वापरा आणि सर्वांत मंद चमकणाऱ्या पेशी निवडा. डोळ्याला भरणारी, झगझगीत पेशी सोडून देणं अवघड जातं, पण तीच खोटं बोलते.

शेवटी परत ३७ अंशांवर आणून काही तासांनी तीच मालिका पुन्हा घ्या. खरं कोठार असेल तर ठिपके विरतात आणि हलता भाग वर येतो. विरत नसेल तर तुम्ही साठवण पाहिली नाही, पेशी जाळली आहे.

फॉर्मल्डिहाइडबद्दल एक शब्द, कारण वरचे सगळे रंग फिक्स केलेल्या पेशींवर चालतात. २०२२ मध्ये नीट दाखवलं गेलं की फिक्स केल्यानेच काही थेंब मोठे दिसू लागतात आणि काही पुसले जातात. म्हणून ज्या पेशींवर फ्रॅप केलं त्याच डिशवर खूण करून नंतर काँगो रेड लावा. ग्रिड असलेली काच थोडी महाग मिळते, पण आधी हललं नाही ते आणि नंतर लाल झालं ते एकच ठिपका आहे हे त्याशिवाय सांगता येत नाही.

पेशी कुठल्या घ्यायच्या? या कामात एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी बऱ्याच वापरल्या गेल्या आहेत आणि भारतातल्या प्रयोगशाळांना त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. अमायलॉइड म्हणजे रोगच, अशी शंका गटातल्या कुणी काढली तर उत्तर मुंबईत आहे. आज आयआयटी मुंबईत असलेले समीर माजी यांनी सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये दाखवलं की पिट्युटरी ग्रंथी आपले पेप्टाइड हार्मोन अमायलॉइडच्याच रूपात साठवते. तिथे कोठार केंद्रकात नसून स्रावाच्या कणांत असतं, पण युक्ती तीच.

खरेदीचा क्रम विचाराल तर पहिला खर्च कॉन्फोकलच्या अर्ध्या दिवसावर, एच-टू-बी आणि मोकळ्या जीएफपीच्या नियंत्रणांसकट. हलता भाग वीस टक्क्यांच्या खाली आला तर मग काँगो रेडची छोटी बाटली आणि ओसी अँटिबॉडी. अमायलो-ग्लो जमल्यास. हेक्झेनडायॉल १५-३०-६० मिनिटांची मालिका करणार असाल तरच. थायोफ्लेविन-टीची बाटली फ्रिजमध्ये आधीच असेल तर ती टेस्ट ट्यूबवाल्यांना देऊन टाका.